वत्सूआत्याचे ब्रेक

ब्रेकचं पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. तू म्हणालीस, "वहिनी, ब्रेक नाही." घरात कोथिंबीर नाही म्हणावं, तशी म्हणालीस. आपला क्रॉस, म्हणजे आपली गल्ली, उताराची. उताराच्या तळाशी मेन रोड, आणि सकाळी सहानंतर त्या रोडवर बसगाड्या सुरू होतात हे आपल्या दोघींनाही ठाऊक होतं. तू पेडल तीन-चार वेळा आपटलंस. हँडब्रेक ओढलास. गाडी जरा अडखळली आणि पुन्हा निघाली. माझ्या मांडीवर देवळात फोडायचा नारळ होता. तो मी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. दुसरं धरायला काही नव्हतं.

तू ओरडली नाहीस. मीही नाही. तू गिअर खाली आणलास तेव्हा असा आवाज आला की मला वाटलं, गाडीची आतडी रस्त्यावर पडली. मग डावं चाक फुटपाथच्या कडेला घासत नेलंस. आयुधपूजेचा, म्हणजे खंडेनवमीचा दिवस, ऑफिसवाल्यांनी आदल्या दिवशी फोडलेल्या कोहळ्यांचा रस्त्यावर चिखल, त्यावरून गाडीचं ढुंगण एकदा इकडे, एकदा तिकडे. शहाळ्यांची हातगाडी आली, ती चुकवलीस. मेन रोड चार घरांवर राहिला. तिथे ती नवी इमारत उठते आहे, तिच्यापुढे वाळूचा मोठा ढीग होता. तू गाडी त्या ढिगात घातलीस. चुकून नव्हे. नेम धरून घातलीस. पुढचे दोन्ही दिवे वाळूत गेले आणि सगळं थांबलं. फक्त हॉर्न वाजायला लागला. किती महिने आपण त्या हॉर्नच्या मागे होतो, तोवर तो एकदाही वाजला नव्हता.

शहाळेवाला धावत आला. त्याने आधी तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग नारळाकडे. कन्नडमध्ये विचारलं, अम्मा, लायसन्स तरी आहे का. तू काच खाली केलीस आणि त्याला सांगितलंस, "लायसन्स इदे. ब्रेक इल्ला."

तो हसला नाही. दोन शहाळी सोलून घेऊन आला आणि आपण गाडीतच बसून प्यायलो. दरवाजे वाळूने अडले होते.

वत्सू, तू गेलीस त्याला आज बावीस दिवस झाले. तेराव्याला सगळे जमले होते. जेवणं झाल्यावर बोलणं तुझ्यावर आलं आणि कोणीतरी हा किस्सा काढलाच. आता त्याला नाव पडलं आहे, 'वत्सूआत्याचे ब्रेक'. डोळ्यांनी दिसत नसताना आत्याने ब्रेकच्या टाकीत भलतंच तेल घातलं आणि वहिनीला घेऊन वाळूत गेली, असा तो किस्सा. माझा मुलगा गिरीश सांगतो तेव्हा हातवारे करून सांगतो. सगळे हसले. मायेनेच हसले, त्यात वाईट काही नव्हतं. तू असतीस तर तूही हसली असतीस. मी खीर वाढत होते. वाढत राहिले.

तो किस्सा खोटा आहे. खरं काय ते फक्त आपल्या दोघींना माहीत होतं, आणि त्यातली एक आता नाही.

मराठी मंडळाचे गृहस्थ आले होते. नणंदबाईंविषयी अंकात लिहून द्या म्हणाले. जन्मतारीख, शिक्षण, नोकरी, निवृत्ती. मी म्हटलं, तारखा गिरीशला विचारा. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, मला एवढंच ठाऊक की मी निपाणीकडून या घरात आले तेव्हा तू सहावीत होतीस आणि मला बघून पहिलं वाक्य म्हणालीस ते, "वहिनी, स्वल्प सरका." मी तुझ्या खिडकीपाशी बसले होते. मला वाटलं ही मला शिवी देते आहे. तुमचं बंगळुरी मराठी कळायला मला वर्ष लागलं, आणि आवडायला त्याहून जास्त. तारखांचं गिरीश बघेल. मला गाडीचं लिहायचं आहे.

गाडी मामंजींनी घेतलेली. हेराल्ड. फिकट हिरवी, दोन दरवाजांची. मामंजींनंतर ती तुझ्या अण्णांकडे आली, म्हणजे माझ्या यजमानांकडे. त्यांनी ती वीस वर्षं चालवली, आणि मग एक दिवस फणसाखाली उभी केली, वर ताडपत्री टाकली आणि विषय बंद केला. सव्वीस वर्षं ती तिथे होती. फणस पडून छपराला दोन पोचे आले. मांजरीच्या किती पिढ्या आत जन्मल्या. मी ताडपत्रीवर पापड वाळत घालत असे. खाली गाडी आहे हे मी विसरले होते.

तू विसरली नव्हतीस. तू कारखान्यात होतीस, बोम्मसंद्र्याला, तयार झालेले भाग मापून बघायचं तुझं काम. सकाळी सहाला घर सोडायचीस, रात्री आठला यायचीस. कंपनीच्या व्हॅनवर गाडी शिकलीस, लायसन्स काढलंस. पण या गाडीची किल्ली अण्णांनी तुला कधी दिली नाही. यावर आपलं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. तू म्हणायचीस, मी त्याच्यापेक्षा बरी चालवीन ही त्याला भीती होती. मी म्हणायचे, त्यांना कोणाचीच भीती नव्हती, गाडीची काळजी होती. मलाही ते पुढे बसवत नसत, बांगड्यांनी ओरखडा जाईल म्हणून. तू म्हणायचीस, त्याला काळजी म्हणतात का. मी म्हणायचे, मग काय म्हणतात. एकदा असंच बोलता बोलता तू पान्हा खाली ठेवलास आणि विचारलंस, "बरं, अण्णा गेल्यावर नऊ वर्षं किल्ली कोणाकडे होती?"

किल्ली माझ्या कपाटात होती, जुन्या बिल्वरांच्या डब्यात. तू मागितली नाहीस म्हणून मी दिली नाही. ती कोणाला हवी असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. यात दुष्टपणा नव्हता, पण शहाणपणाही नव्हता.

गिरीश संक्रांतीला बेळ्ळंदूरहून आला आणि त्याने सांगितलं की गाडीला गिऱ्हाईक मिळालं आहे. एक हॉटेलवाला. त्याला गाडी चालवायची नव्हती. ती रंगवून हॉटेलच्या दारात ठेवायची, आतल्या सीट काढून टेबल टाकायचं, आणि लोकांनी आत बसून डोसा खायचा. गिरीशला ती कल्पना चांगली वाटली. मलाही वाईट वाटली नाही, खरं सांगते. पापडांना गच्ची होती. तू ताटावरून उठलीस आणि हात न धुता जाऊन ताडपत्री ओढलीस. निम्मी हातातच फाटली. म्हणालीस, ही गाडी गेटबाहेर जाईल तेव्हा चालत जाईल आणि मी ती नेईन.

गिरीश तुझा लाडका. त्याने हसत मुदत दिली. आयुधपूजेच्या दिवशी गाडी स्वतःच्या चाकांवर गेटबाहेर गेली तर तुमची, नाही तर डोसेवाल्याची. तू म्हणालीस, "सरी." कन्नडमध्ये ठीक, बरोबर.

तू बहात्तर वर्षांची, मी अठ्ठ्याहत्तरची. सकाळी पूजा-नाश्ता आटपून आपण फणसाखाली जायचो. या गाडीची एक गोष्ट मला आवडली. तिचं पुढचं सगळं नाक, दिवे, पंखे धरून, एकसंध पुढे कलतं. मग इंजिन उघडं पडतं आणि पुढच्या दोन चाकांवर दोन माणसं आरामात बसू शकतात. तू डाव्या चाकावर, मी उजव्या. तुझ्या हाडांना टायर टोचतो म्हणून मी दोन गाद्या शिवल्या. गल्लीतले लोक गेटपाशी थांबून बघायचे. समोरच्या जयम्मांनी विचारलं, तुम्ही दोघी तिथे बसून काय निवडता? मी म्हटलं, डाळ.

मेकॅनिक नंजुंडप्पा बुधवारी यायचा. तोही आपल्याच वयाचा, मोपेडवरून, सावकाश. इंजिन गोठलं होतं. त्याने प्लगच्या भोकांतून डिझेल ओतलं आणि सांगितलं, थांबा. दहा दिवस आपण थांबलो. मग गाडी गिअरमध्ये टाकून तू आत बसायचीस आणि मी मागून ढकलायचे, पुढे-मागे, पुढे-मागे, पाळणा हलवावा तशी. अकराव्या दिवशी काहीतरी बोटभर सरकलं. तू आतून म्हणालीस, वहिनी, पुन्हा. मला तो दिवस आठवला की अजून बरं वाटतं.

गंजाचं काम माझं. ते मी मिळवलं, कोणी दिलं नाही. नट, बिजागऱ्या, पट्ट्या, सगळं लालभडक गंजलेलं. तू पॉलिशकागदाने घासत बसायचीस, बोटं सोलायची. मी म्हटलं, चिंचेच्या पाण्यात टाक, मीठ घालून. तू म्हणालीस, ही गाडी आहे, समई नाही. नंजुंडप्पा कन्नडमध्ये म्हणाला, अम्मा, ही गाडी आहे, सांबार नाही. तुम्ही गेल्यावर मूठभर नट जुन्या घंगाळात चिंचेच्या कोळात बुडवले. दुसऱ्या दिवशी काढून धुतले तर राखाडी, स्वच्छ, आटे दिसत होते. तू एक नट अंगठ्याने घासलास, डोळ्यांजवळ नेलास, खिशातलं मापाचं यंत्र काढून मापलास. मग म्हणालीस, "सरी, वहिनी."

त्या 'सरी'वर मी महिनाभर तरंगत होते. लग्नानंतर या घरात मला कोणी एवढ्या गंभीरपणे बरोबर म्हटलं नव्हतं. तिथून सगळा गंज माझ्याकडे आला. सीटची कव्हरं मी माझ्या मशीनवर शिवली, छताचं कापडही. रेक्झिनने सात सुया मोडल्या. मशीनला तेल दिलं की पुन्हा चालायची. माझ्या आईने दिलेलं मशीन, पन्नास-साठ वर्षांत त्याला दुसरं काही लागलं नाही. तेल आणि स्वच्छ फडकं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं त्यातून आलं.

ब्रेक तू कोणाला करू दिले नाहीस. नंजुंडप्पालाही नाही, तो फक्त बघायचा. नवी रबरं आणलीस. एक भाग मिळेना, तो बोम्मसंद्र्याच्या जुन्या ओळखीतून लेथवर करून आणलास आणि तीन वेळा मापलास. मला सांगितलंस, "वहिनी, इंजिन बंद पडलं तर गाडी उभी राहील. ब्रेक गेला तर राहणार नाही. ब्रेकला हात लावू नका." आणि इंजिनाच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक छोटी टाकी होती, ती दाखवून म्हणालीस, ही कधी कमी दिसता कामा नये.

मग तुझं दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. तू आतल्या खोलीत काळा चष्मा लावून पडलेली आणि मी रोज गाडी पुसायचे. एक दिवस त्या टाकीचं झाकण उघडलं. तेल बोटभर खाली गेलेलं. तू म्हणाली होतीस कमी दिसता कामा नये. फळीवर चार बाटल्या होत्या, चारही सारख्या, चारींवर इंग्रजी. मला इंग्रजी येत नाही हे तुला साठ वर्षं ठाऊक होतं. मी आत येऊन तुला विचारू शकत होते, आत म्हणजे वीस पावलं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, हात लावू नका, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. चिंचेचं मला कळलं होतं, मग एवढं कळणार नाही का? मी मशीनच्या खणातली तेलाची कुपी आणली. पातळ, स्वच्छ, पाण्यासारखं तेल. रेघेपर्यंत भरलं. फडक्याने कड पुसली. मला फार समाधान वाटलं. संध्याकाळी तुला सांगणार होते. संध्याकाळी तुझा डोळा दुखत होता, म्हणून उद्यावर टाकलं, आणि मग ते राहिलं.

आयुधपूजेला पहाटे आपण ओसरीवर सगळं मांडलं. तुझे पान्हे, तुझं मापाचं यंत्र, माझी कात्री, माझं मशीन, शेजारी तेलाची कुपी. सगळ्यांना हळदकुंकू. चाकांखाली चार लिंबं. तू अंगणात दोनदा ब्रेक दाबून बघितलास, दोन्ही वेळा लागला. गाडीचे कागद अजून नवे व्हायचे होते, म्हणून रस्ता रिकामा असताना फक्त देवळापर्यंत जाऊन यायचं ठरलं होतं. पुढचं वर लिहिलंच आहे.

गल्लीतल्या लोकांनी गाडी ढकलत वर आणली. सण असूनही नंजुंडप्पा आला. गिरीश आला, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. नंजुंडप्पाने ब्रेक उघडले. आतली नवी रबरं भिजत घातलेल्या पावट्यासारखी फुगून मऊ झाली होती. त्याने टाकीत बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, वास घेतला. म्हणाला, हे ब्रेकचं तेल नव्हे, मशीनचं तेल आहे. याने रबर मरतं. कोणी घातलं?

तू ओसरीकडे बघितलंस. तिथे कुपी होती, कुंकू लावलेली. मग माझ्याकडे बघितलंस, डोळ्याची एक उघडझाप होईल एवढा वेळ.

"मी," तू म्हणालीस. "ऑपरेशनच्या आधी. दिसत नव्हतं, बाटली चुकली."

मी तिथे उभी होते. माझ्या तोंडाला काय झालं होतं माहीत नाही. भ्याले असं नाही, वत्सू. उतारावर भ्याले नाही तर गिरीशला काय भ्यायचं? लाज वाटली. चिंचेचा मान गेला असता. पुन्हा त्या चाकावर बसायला मिळालं नसतं. एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठी मी गप्प बसले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस मोठ्या गोष्टीसाठी गप्प बसत असेल असं तरुणांना वाटतं. तसं नसतं.

गिरीशने तुझ्यापुढे हात धरला. "आत्या, किल्ली दे. डोळे असे असताना तू गाडी चालवायची नाहीस. डोसेवाला अजून तयार आहे."

तू कमरेची किल्ली काढायला लागलीस. वाद न घालता. साठ वर्षांत तू वाद न घातलेला मी तो एकदाच पाहिला, आणि तो माझ्या पायी होता. तेव्हा मात्र मी बोलले. मी गिरीशला विचारलं, गाडी गेटबाहेर गेली की नाही?

"आई, गेली म्हणजे काय, वाळूत गेली."

"स्वतःच्या चाकांवर गेली. तुझी अट तेवढीच होती. परत यायची अट नव्हती." आणि म्हटलं, कागदांवर नाव माझं आहे. ब्रेक दुरुस्त झाले की वत्सू चालवेल आणि मी शेजारी बसेन.

"तुला काय कळतं ब्रेकमधलं?" गिरीश म्हणाला.

"पुष्कळ कळतं," मी म्हटलं.

नंजुंडप्पा वाकून काहीतरी शोधायला लागला. मला वाटतं तो हसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनचा खण उघडला तर कुपी जागेवर होती, पुसलेली, गळ्यापर्यंत भरलेली. मी खाली गेले. तू फळीपाशी उभी होतीस आणि तुझी बोटं पांढऱ्या रंगाने माखली होती. चारही बाटल्यांवर तू मराठीत लिहिलं होतंस. इंजिन. ब्रेक. गिअर. पाणी. टाकीच्या झाकणावरही, ब्रेक. तुला नागरी लिपी कधी धड आली नाही. तू शिकलीस कन्नड आणि इंग्रजी. अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी, एक वर, एक खाली, आणि शिरोरेघ कुठेच सरळ नाही. तुला ती लिहायला किती वेळ लागला असेल ते मला अक्षरांवरून कळलं. तू वळून म्हणालीस, "वहिनी, वाचता येतं का बघा."

मी म्हटलं, येतं. अक्षर घाणेरडं आहे.

"सरी," म्हणालीस, आणि ब्रश धुवायला गेलीस.

यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. तुला कळलं होतं हे मला कळलं होतं, आणि मला कळलं हे तुला. बोलायचं काय राहिलं होतं असं तेव्हा वाटायचं. आता वाटतं, एक वाक्य राहिलं होतं. टाकीत तेल घालायची वेळ आली की तू मला हाक मारायचीस, बाटली वर धरून दाखवायचीस, मी वाचायचे, "ब्रेक", आणि मग घालायचीस. टोमणा म्हणून नव्हे. तुझ्या कारखान्यात तशीच पद्धत होती म्हणालीस, एकाने करायचं, दुसऱ्याने बघायचं. पहिल्यांदा तूच एकटी करत होतीस, ती तुझी चूक, असं एकदा आपणहून म्हणालीस. ती संधी होती. मी तेव्हा बोल्ट आवळत होते, आवळतच राहिले.

नंतर गाडी दीड वर्ष चालली. आरटीओच्या रांगेत तू उभी राहिलीस, कागद नवे झाले. शनिवारी बाजार, गुरुवारी देऊळ. उलटी गाडी तू अण्णांपेक्षा चांगली घ्यायचीस. हे मी तुला कधी म्हटलं नाही, पण ते भांडण मी हरले आहे असं समज. बेळ्ळंदूरला गिरीशकडे निघालो, तेव्हा रिंग रोडच्या गर्दीत गाडी तापली. तू ती कडेला घेतलीस, नाक पुढे कललं, आणि आपण आपापल्या चाकावर बसून दशम्या खाल्ल्या. गळ्यात पट्टे घातलेली ऑफिसची मुलं उतरून आपले फोटो काढायला लागली. एका मुलीने हिंदीत विचारलं, गाडी कोणाची. तू म्हणालीस वहिनींची, मी म्हटलं हिची. ती म्हणाली, मग भांडण मिटवा आधी. पाणी गार झाल्यावर निघालो. गिरीशकडे दोन तास उशिरा पोचलो आणि तो खाली गेटवर उभा होता, फोन हातात घेऊन. त्याने गाडी बघितली आणि सोसायटीच्या वॉचमनला सांगून सावलीतली जागा दिली.

तुझा ताप चार दिवसांचा. मग छातीत भरलं, मग हॉस्पिटल. तिसऱ्या दिवशी तू नळीच्या आडून मला जवळ बोलावलंस. मला वाटलं काहीतरी महत्त्वाचं. म्हणालीस, "बॅटरीची वायर काढून ठेवा. उतरेल." घरी येऊन मी ती काढली. काळी आधी, मग तांबडी. परत गेले तेव्हा तू गेली होतीस.

गेल्या रविवारी गिरीश आला. हल्ली दर रविवारी येतो, वायर जोडतो, इंजिन चालू करून दहा मिनिटं बसतो. मी डावीकडे बसते. गाडी मांजरासारखी गुरगुरते, फणसावर या वर्षी फळ चांगलं आहे, आणि खरं सांगायचं तर मी सुखात आहे. तू नाहीस एवढंच. त्या रविवारी तो फळीवरून बाटली काढत होता. म्हणाला, आई, हे असं वेडंवाकडं कोणी लिहिलं?

मी म्हटलं, तुझ्या आत्याने. माझ्यासाठी. मला इंग्रजी वाचता येत नाही म्हणून.

"तुला कशाला वाचायला हवं होतं?"

मग मी सांगितलं. कुपी, टाकी, वीस पावलं, सगळं. इंजिन चालू होतं, ते त्याने बंद केलं. मग म्हणाला, "आणि तरी तू पुन्हा तिच्या शेजारी बसलीस. आम्ही सगळे म्हणत होतो, आईचा धीर बघा."

मी म्हटलं, धीर कसला? ब्रेक कोणी बिघडवले ते मला माहीत होतं. तुझ्या आत्याला भिण्यासारखं काही नव्हतंच.

पुढच्या वेळी किस्सा सांगशील तेव्हा नीट सांग, असंही त्याला बजावलं. तो विसरेल, म्हणून मंडळाच्या अंकालाही लिहून देते आहे. वत्सू, ब्रेकच्या टाकीत तेल मी घातलं. गाडी तू थांबवलीस.

त्या सकाळी गाडीत आपण दोघी होतो. दोघीही वाचलो. शहाळेवाला वाचला, नारळही शाबूत राहिला. तू त्यानंतर दीड वर्षं गाडी चालवलीस आणि तापाने गेलीस. मी आहे.